अकरा नंबरचा बावटा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा मला फोन आला, "२० मिनिटं बोल. तू नेमकं काय काम करतेस ते आम्हाला मराठीत सांग. फक्त जेवणानंतरचं सत्र आहे, एवढं लक्षात ठेव." मी २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझी आई अजूनही शेजारच्या काकूंना सांगते, "ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते, घरी बसूनसुद्धा करता येतं." तेव्हा आज आईसाठीही सांगते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

सुरुवात आपल्या सातवीच्या सहलीपासून करते. केळव्याला गेलो होतो, आठवतं? बोईसरहून शटलने केळवे रोड, तिथून पुढे एसटी. सुरूच्या झाडांत शिरायच्या आधी पीटीच्या सरांनी आपल्याला वाळूत बसवलं आणि म्हणाले, "हरवलात तर एकमेकांना शोधत फिरायचं नाही. ज्याला कोणी दिसत नाही त्याने सरळ शितळादेवीच्या देवळापाशी यायचं आणि तिथेच थांबायचं. चार वाजता मी तिथे असेन." तेव्हा मोबाइल नव्हते. आपण सात जण हरवलो होतो, आणि चारच्या आत सातही जण देवळापाशी होते. सरांना एकालाही शोधायला जावं लागलं नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. मी ज्या विषयावर पगार घेते, त्याचा पहिला धडा तुम्ही त्या दिवशी वाळूत शिकवलात. पुढे इंजिनीअरिंगला तोच धडा मोठमोठ्या समीकरणांतून शिकले, आणि नोकरीत तो एकदा विसरले. ते विसरणं महागात पडलं. तेही सांगणार आहे.

माझं काम असं. समजा एक मोठं गोदाम आहे. भिवंडीच्या बाजूला अशी शेकड्याने गोदामं आहेत, येता-जाता तुम्ही पाहिलीच असतील. आत लोखंडी रॅकच्या उंच रांगा. त्या रांगांमधून माणसांऐवजी छोट्या स्वयंचलित गाड्या फिरतात, माल उचलतात आणि पॅकिंगच्या टेबलाशी आणून देतात. प्रत्येक गाडीला स्वतःचं थोडं डोकं असतं. गाड्या एकमेकींशी आणि मुख्य संगणकाशी वायफायवरून बोलतात. पण लोखंडाच्या रांगांमागे वायफाय कधी येतं, कधी जातं. निरोप उशिरा पोचतो, दोनदा पोचतो, कधी पोचतच नाही. अशा तुटक्या बोलण्यावरही सगळ्या गाड्यांनी एकमेकींच्या पायात न येता काम पूर्ण करावं, हे बघणं माझं काम.

तुम्ही म्हणाल, मग वायफाय सुधारा ना. सुधारतो. पण कितीही सुधारलं तरी शंभर टक्के होत नाही. आणि इथे एक गंमत आहे, ती नववीतल्या एका खऱ्या प्रसंगावरून सांगते.

आम्ही दोघी मैत्रिणींनी शाळा बुडवून डहाणूला जायचं ठरवलं होतं. बाई, आता रागावू नका. अट एकच होती, दोघी आल्या तरच जायचं. एकटी सापडली तर एकटीलाच ओरडा. निरोप्या म्हणून तिचा धाकटा भाऊ, आणि तो चिठ्ठ्या हरवण्यात पटाईत. मी चिठ्ठी पाठवली, "सकाळच्या शटलला ये." आता ती मिळाली का, हे मला कसं कळणार? तिने उत्तर पाठवलं, "येते." पण तिचं उत्तर मला मिळालं का, हे तिला कुठे ठाऊक? ते मिळालं नसेल तर मी येणार नाही आणि ती एकटीच अडकेल. म्हणून मी पुन्हा चिठ्ठी पाठवायची, "तुझं उत्तर मिळालं." ती पोचली का, हे पुन्हा मला माहीत नाही. ही साखळी संपतच नाही. शेवटी आम्ही दोघी गपचूप शाळेत आलो.

१९७५ मध्ये तीन संगणक-संशोधकांनी हा प्रश्न मांडला आणि पुढे १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ असं नाव दिलं. तो सुटत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. निरोप हरवू शकणार असेल, तर कितीही चिठ्ठ्या पाठवल्या तरी दोघांनाही शंभर टक्के खात्री एकाच वेळी कधीच मिळत नाही. व्हॉट्सॲपवर एक टिक, दोन टिक, निळ्या टिक असतात, त्यामागे हेच दुखणं आहे. निळी टिक आली म्हणजे तुम्हाला कळलं की तिने वाचलं. पण तुम्हाला हे कळलंय, हे तिला कुठे कळलं?

म्हणजे बोलणं कधी ना कधी तुटणार हे धरूनच चालायला हवं. मग खरा प्रश्न एकच राहतो. समोरून आवाज येत नाही, तेव्हा त्या शांततेचा अर्थ काय लावायचा? आणि तो अर्थ शांतता पसरायच्या आधी, सगळ्यांनी मिळून ठरवलाय का?

इथेच मी चुकले.

२०१९ ची गोष्ट. आमच्या एका ग्राहकाच्या गोदामात आमच्या गाड्या नव्याने लागल्या होत्या. मी लिहिलेला नियम असा होता: एखाद्या गाडीचा आवाज पाच सेकंद आला नाही, तर मुख्य संगणकाने ती बंद पडली असं समजावं, तिचं काम आणि तिची गल्ली दुसऱ्या गाडीला द्यावी. कागदावर छान दिसतं. काम थांबत नाही, ग्राहक खूश.

एका दुपारी एक गाडी रॅकमागे गेली आणि तिचा आवाज थांबला. संगणकाने तिला मेलेली ठरवलं आणि तीच गल्ली दुसरीला दिली. पण पहिली मेली नव्हती. ती फक्त ऐकू येत नव्हती. तिला मिळालेला शेवटचा हुकूम ‘या गल्लीतून पुढे जा’ असा होता, आणि ती इमानदारीत पुढे जात होती. दोन्ही गाड्या वळणावर भिडल्या, रॅकचा खालचा खांब वाकला आणि वरचं खोकं शेजारी काम करणाऱ्या एका माणसाच्या पायावर पडलं. पाय मोडला. तीन महिने तो घरी होता. त्याला भेटायला गेले तेव्हा तो मलाच म्हणाला, "ताई, मशीनचं काय, मशीनला काय कळतंय." मशीनला कळत नव्हतं हे खरं, पण मशीनला काय कळावं हे ठरवायचं काम माझं होतं.

‘ऐकू येत नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या. एवढीच चूक होती.

दुरुस्ती सोपी आहे, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. रेल्वेचा पास. पास संपला हे सांगायला कोणी घरी येत नाही. त्याच्यावरच तारीख असते. आम्ही गाड्यांना गल्लीची परवानगी तशीच मुदतीची द्यायला लागलो. ही गल्ली तुझी, पण दहा सेकंदांपुरती. नूतनीकरण झालं तर पुढे, नाहीतर आहेस तिथे थांब. आणि संगणकाने दहा सेकंद पूर्ण उलटून, वर थोडा वेळ जाऊ देऊन, मगच ती गल्ली दुसऱ्याला द्यायची. त्यात एक बारकावा आहे. गाडीने दहा सेकंद मोजायचे ते परवानगी मागितल्या क्षणापासून, मिळाल्या क्षणापासून मोजायचे नाहीत. निरोप वाटेत कितीही रेंगाळला तरी गाडीची मुदत संगणकाच्या मुदतीआधी संपते. वर दिलेला थोडा वेळ असतो तो दोघांची घड्याळं सारखी चालत नसली तर. आता बोलणं तुटलं तरी भांडण नाही. दोघांनाही शांततेचा अर्थ आधीपासून ठाऊक आहे.

दुसरी दुरुस्ती निरोपाच्या भाषेत केली. निरोप हरवला असेल म्हणून तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि मग कधी कधी तो दोनदा पोचतो. "अजून दोन बादल्या पाणी टाक" हा निरोप दोनदा पोचला तर चार बादल्या पडतात. "हौद काठापर्यंत भर" हा निरोप दहादा पोचला तरी हौद एकदाच भरतो. तेव्हापासून आमच्याकडचे सगळे हुकूम हौदाच्या भाषेत लिहिले जातात. घरीसुद्धा मुलांशी तसंच बोलते, थोडा फरक पडतो.

या अपघातानंतर मी काही दिवस सातपाटीला मामाकडे जाऊन राहिले. कामावर जायची इच्छा होत नव्हती. माझा मामा तांडेल. आयुष्यभर पापलेटच्या जाळ्यावर गेलेला माणूस. त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं, हे तर बंदरावर लावतात. अकरा नंबरचा बावटा."

आपण किनाऱ्यावरची माणसं. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. हवामान खात्याकडून बंदराला इशारा येतो आणि बंदरावर डोलकाठीला शंकू आणि नळकांड्यासारखे आकार टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. १ ते १० नंबर वाढत्या धोक्याचे. दूर समुद्रात काही तयार होतंय इथपासून ते मोठ्या वादळाच्या तडाख्यापर्यंत. पण यादी दहावर संपत नाही. अकरावा बावटा आहे, आणि त्याचा अर्थ असा: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते हवा बिघडण्याचा धोका आहे.

मी ते ऐकून थक्क झाले. इशारा देणाऱ्याशीच बोलणं तुटलं तर काय, हा विचार या यादीत आधीच केलेला आहे. निरोप आला नाही, याचाच एक निरोप करून ठेवलाय. आणि निर्णय कोणी घ्यायचा हेही त्यातच सांगितलंय. वरून आदेश नाही, तेव्हा जागेवरच्या माणसाने आकाशाकडे बघून ठरवायचं. लहान बोटींची ये-जा असलेल्या छोट्या बंदरांसाठी या ११ बावट्यांची एक आटोपशीर यादी असते. तिच्यात फक्त पाच ठेवलेत: ३, ४, ७, १० आणि ११. सहा गाळले, पण अकरावा नाही गाळला.

मग मामाने त्याचा स्वतःचा नियम सांगितला. त्याच्या सोबतीच्या दोन बोटी असत. किनाऱ्यापासून आत गेलं की मोबाइल मुका होतो आणि वायरलेसही अंतराने, हवेने कधी लागतो, कधी नाही. म्हणून ठरलेलं: रोज संध्याकाळी सहाला तिघांनी एकमेकांची नावं घ्यायची. ज्याला सहाला कोणाचाच आवाज येणार नाही, त्याने जाळं उचलायचं आणि किनारा धरायचा. का, कसं, विचारायचं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऐन हंगामात त्याचा सेट बिघडला. सहाला काहीच ऐकू आलं नाही. त्याने जाळं उचललं आणि रात्रभर चालून पहाटे सातपाटी गाठली. बंदरावर दोन-चार जण हसले, हवा तर बरी आहे, फेरी फुकट घालवली म्हणून. त्यानंतर ११ नोव्हेंबरला फयान वादळ मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर आलं. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांनी त्या दिवसांत वाट बघितली, ते इथल्या काही जणांना वेगळं सांगायला नको.

मामा प्रामाणिक माणूस आहे. त्याने हेही सांगितलं, "या नियमापायी चार वेळा डिझेल फुकट जाळलंय. त्या चारही वेळा वादळ नव्हतं." हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शांततेचा सुरक्षित अर्थ लावायचा म्हणजे कधी कधी नुकसान सोसायचं. आमच्या गाड्याही आता दिवसातून कितीदा तरी उगाच थांबतात, ग्राहक कुरकुरतो. मी त्याला त्या मोडलेल्या पायाची गोष्ट सांगते.

पण आवाज थांबला की प्रत्येकानेच थांबावं का? तसंही नाही. त्यासाठी सातपाटीहून पुन्हा आपल्या घराकडे, तारापूरकडे या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ मध्ये सुरू झालेलं. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरी कोणी ना कोणी तिथे नाहीतर एमआयडीसीत कामाला. तारापूरसारखी शेकडो केंद्रं एकाच ग्रिडला जोडलेली आहेत. वीज साठवून ठेवणं अवघड, त्यामुळे जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागतात. मग शेकडो केंद्रं एकमेकांना फोन करून ठरवतात का, की तू थोडी वाढव, मी थोडी वाढवते?

मिनिटांच्या हिशोबात भार प्रेषण केंद्रं असतात, ती फोनवर आणि संगणकावर सूचना देतात. पण पहिल्या काही सेकंदांत कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे जण एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली की फिरणाऱ्या यंत्रांवर ओझं पडतं, ती किंचित मंदावतात आणि आकडा ५० च्या खाली सरकतो. ग्रिडला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला हे स्वतःच्या जागी बसून कळतं. मग यंत्राचा गव्हर्नर आपापला झोत वाढवतो, किती वाढवायचा ते प्रमाण आधीच ठरलेलं. अणुकेंद्रं बहुधा एकाच भारावर चालवतात. वर-खाली करायचं काम जास्त करून पाण्यावरच्या आणि कोळशावरच्या केंद्रांचं. पण ऐकतात सगळे तोच आकडा.

३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळले. ६० कोटींहून जास्त लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. आपलं पश्चिम ग्रिड त्यांच्यापासून तुटलं. तिकडे जाणारी वीज एकदम इकडेच उरली आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या वर गेली. तेव्हा यंत्रांनी आपापल्या ठरलेल्या नियमाने उत्पादन उतरवलं आणि आपलं ग्रिड उभं राहिलं. बोलणं तुटलं म्हणून प्रत्येक यंत्राने हात वर करून थांबायचं ठरवलं असतं, तर आपणही अंधारात गेलो असतो.

तेव्हा गाडीसाठी शांततेचा अर्थ ‘थांब’. बोटीसाठी ‘घरी ये’. वीजकेंद्रासाठी ‘आकडा बघ आणि आपलं काम चालू ठेव’. केळव्याला आपल्यासाठी ‘देवळापाशी ये’. कामागणिक अर्थ वेगळा. तो आधी ठरलेला असणं मात्र सगळीकडे सारखं.

आता शेवटचा मुद्दा, आणि मग मी ज्यासाठी बोलायला उभी राहिले ते.

सगळे सतत जोडलेले नसतील तर सगळ्यांचं एकमत होऊच शकत नाही, असं आपल्याला वाटतं. २००३ मध्ये जदबाबाई, लिन आणि मोर्स या तिघांनी एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. समजा अनेक जण फिरताहेत. प्रत्येक जण फक्त त्या क्षणी जवळ असलेल्यांकडे बघतो आणि आपली दिशा त्यांच्या सरासरीकडे थोडी वळवतो. जोड्या सतत बदलताहेत, तुटताहेत. कुठल्याही एका क्षणी सगळे जोडलेले नसतील. तरीही, ठरावीक काळात झालेल्या सगळ्या भेटी एकावर एक ठेवून पाहिल्या आणि त्यातून सगळ्यांना जोडणारं जाळं तयार होत असेल, आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर शेवटी सगळे एका दिशेला येतात.

समुद्रावर हे जुनंच आहे. सातपाटीच्या बोटीला सकाळी मुरब्याची बोट भेटली, मुरब्याच्या बोटीला दुपारी नवापूरची दिसली, आणि संध्याकाळपर्यंत मासा कुठे लागलाय ते दांडीला कळतं. एका वेळी सगळे कधीच एकत्र नव्हते.

यात दोन धोके आहेत. एखादी टोळी इतरांना कधीच भेटली नाही तर ती वेगळ्याच दिशेला जाते. आणि एखादा कोणाचंच ऐकत नसेल, पण बाकीचे त्याचं ऐकत असतील, तर अखेर सगळे त्याच्याच दिशेला जातात. आपल्या वर्गातला असा मुलगा इथे दुसऱ्या रांगेत बसलाय. हसू नका, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

आता ती गोष्ट. आपल्या वर्गात एक मैत्रीण होती. वरती शटलची आणि चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, ती तिची आणि माझी. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा लवकर गेला, एमआयडीसीत नोकरी करून तिने मुलगी वाढवली. आपल्या ग्रुपवर ५४ जण. ती फारशी लिहायची नाही, पण सगळ्यांच्या वाढदिवसाला फूल टाकायची.

एप्रिल २०२१ मध्ये ती गेली. आपल्याला डिसेंबरमध्ये कळलं. आणि मधल्या ऑगस्टमध्ये तिचा वाढदिवस आला, तेव्हा आपण ३१ जणांनी ग्रुपवर तिला शुभेच्छा दिल्या. त्यात माझाही एक केक होता. तिला मी वेगळा मेसेजही केला होता. त्यावर एकच टिक होती. महिनोन्‌महिने एकच टिक. मला वाटलं फोन बदलला असेल. तुमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी तिच्याशी बोलत असेल. मी, जिचा धंदा शांततेचा अर्थ लावण्याचा आहे, जिने दोन वर्षांपूर्वी ‘ऐकू येत नाही’चा अर्थ ‘नाही’ असा लावून एका माणसाचा पाय मोडला होता, तिने या वेळी ‘ऐकू येत नाही’चा अर्थ ‘ठीक असेल’ असा लावला.

ग्रुप होता, ५४ जण होते, रेंज होती, सगळं होतं. आवाज आला नाही तर कोणी काय करायचं, एवढंच ठरलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत तिची मुलगी बारावीनंतर एक वर्ष घरी बसली, कारण फी कुठून भरायची हे कोणाला विचारावं तिला कळलं नाही. आईच्या मैत्रिणींचे नंबर आईच्या फोनमध्ये, आणि फोन कुलूपबंद. आपल्याला कळलं असतं तर फी आपण एका दिवसात उभी केली असती. नंतर केलीच.

म्हणून मी एक मागणी घेऊन आले आहे. प्रत्येकाने तीन जण घ्यायचे, दोन जवळ राहणारे, एक लांबचा. पुण्या-मुंबईचा, परदेशातला, कोणीही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या तिघांचा आवाज ऐकायचा. फुलं, केक, सुप्रभात यात धरायचे नाहीत. आवाज. एक मिनिट पुरे. दर वर्षी तीनपैकी एक नाव बदलायचं, म्हणजे टोळ्या पडणार नाहीत.

आवाज आला नाही तर तीन दिवस थांबायचं. चौथ्या दिवशी ग्रुपवर फक्त ‘११’ लिहायचं आणि नाव. त्याचा अर्थ आज इथे ठरवून ठेवू: संपर्क तुटला आहे, आणि मला काळजी वाटते आहे. ‘११’ दिसला की चर्चा करायची नाही. त्या माणसाच्या सगळ्यात जवळ जो राहतो त्याने त्याच दिवशी दार वाजवायचं. परवानगी मागायची नाही, बरं दिसेल का याचा विचार करायचा नाही. आणि ज्याच्या दारात आपण जाऊ, त्याने रागवायचं नाही. बहुतेक वेळा फोनच बिघडलेला असेल. मामाचं डिझेल चार वेळा फुकट गेलं तसं आपलंही पेट्रोल जाईल. चहा घेऊन परत यायचं.

आणि घरातल्या एका माणसाला, नवरा, बायको, मुलगा, मुलगी कोणीही, आपल्या तिघांचे नंबर कागदावर लिहून द्यायचे. कागदावर. फोनमध्ये नको.

सर, बाई, तुमची नावंही यादीत घेतली आहेत. तुम्हाला विचारलेलं नाही. शाळेत तुम्हीही आमची हजेरी आम्हाला विचारून घेत नव्हता.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर यादी ठेवली आहे. तिथे जी मुलगी बसली आहे, सकाळी जिने तुम्हाला बिल्ले दिले, ती आपल्या मैत्रिणीची मुलगी. तिचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. तिच्या नावापुढे तीन जण आधीच लिहिले आहेत, त्यातली एक मी. चहाला जाताना आपापले तीन लिहून जा. पहिला रविवार पुढच्याच आठवड्यात आहे.